सोपाऱ्याची जुनी पेठ



व्याख्यानमालेच्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा आम्हांला वाटले की, नेहमीप्रमाणे कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावरच बोलावयाचे असेल. तीस वर्षे कारखान्यांच्या फाटकावर उभे राहून बोलण्याची सवय. तेथे श्रोते भोंग्याच्या आधी दहा मिनिटे मिळतात आणि भोंगा झाला की पांगतात. येथे एक तास दिला आहे आणि विषयही आमच्यावर सोपविला आहे. आम्ही 'सोपारे' म्हणालो, तेव्हा चालकांपैकी एकाने विचारले, "म्हणजे नालासोपाऱ्याच्या पाण्याचा प्रश्न का?" पाण्याची गोष्ट ओघात येईलच, पण आज सांगावयाची हकीकत दोन हजार वर्षांमागच्या पेठेची आहे.

विषय लालबागचा नाही असे कोणी म्हणेल. संध्याकाळी येथे येताना आम्ही मसाल्याच्या गल्लीतून आलो. हे दिवस मसाल्याचे. मिरचीच्या खकाण्याने डोळ्यांतून पाणी काढीत बायाबापड्या रांगेत उभ्या होत्या. त्यांतल्या एका वृद्ध बाईंना आम्ही विचारले, "मावशी, कुठून आलात?" त्या म्हणाल्या, "नालासोपारा. पण आम्ही मूळचे इथलेच, गिरणीच्या चाळीतले." वर्षाचा मसाला मात्र लालबागचाच पाहिजे, म्हणून विरारच्या गाडीत डबे सांभाळीत त्या आल्या होत्या. आपल्यापैकी प्रत्येकाचे कोणी ना कोणी आज तिकडे आहे. कोणाचा भाऊ, कोणाची लेक, कोणाचा जुना शेजारी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा आम्ही तेरा वर्षांचे होतो. वडील साच्यावर होते. शाळा त्याच वर्षी सुटली. पुढच्या दहापंधरा वर्षांत आमच्या चाळीतील अर्धी बिऱ्हाडे वसई-विरारच्या बाजूला गेली. खोली विकून आलेल्या पैशांत तिकडे स्वयंपाकघरासह एक खोली येत असे. लोक म्हणत, "सोपाऱ्याला फेकले गेलो." आम्हीही तसेच म्हणत असू. ज्या जागेवर फेकले गेलो ती जागा काय होती, हे तेव्हा आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

आम्हांला ते कळले त्याचे कारण एक तंटा. तिकडच्या एका गाळ्यातील कामगारांचा तीन महिन्यांचा पगार अडकला होता. सकाळी फाटकावर सभा झाली, मालक दुपारी चारला भेटेन म्हणाला. मधले पाच तास करावयाचे काय? एक तरुण कामगार म्हणाला, "दादा, बुरूड राजाचा कोट बघायला चला." गेलो. झाडीत विटांचा एक मोठा उंचवटा. ना गर्दी, ना पहारा. चारला मालक काही आला नाही. पण तो उंचवटा डोक्यातून जाईना. पुढे दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसू लागलो आणि मिळेल ते वाचू लागलो. संस्कृत आणि पाली आम्हांला येत नाही. भाषांतरे वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले ते सांगतो.

नालासोपारा हे नाव रेल्वेने दोन गावांना एकत्र बांधून केलेले आहे, नाळे आणि सोपारे. सोपाऱ्याचे संस्कृत ग्रंथांतील नाव शूर्पारक, प्राकृतात सोपारक किंवा सोपारग. महाभारतात शूर्पारकाचे नाव तीर्थ म्हणून आहे. परशुरामासाठी समुद्राने मागे हटून ही भूमी दिली अशी कथा आहे. शूर्प म्हणजे सूप, आपल्या घरात धान्य पाखडावयाचे असते ते. आता सूप कोण विणतो? बुरूड. गावकरी त्या उंचवट्याला बुरूड राजाचा कोट म्हणत आले. आमची आपली समजूत अशी की, शूर्पारकाचा अर्थ लोकांच्या तोंडी फिरता फिरता सुपाचा राजा, म्हणजे बुरूड राजा झाला असावा. ते काही असो; ज्या स्तूपाला सम्राटाचे किंवा सावकाराचे नाव मिळावयाचे, त्याला कामट्या विणणाऱ्या कारागिराचे नाव मिळाले, याचे आम्हांला मोठे समाधान वाटते.

हा कोट एप्रिल १८८२ मध्ये उकरला गेला. उकरणारे पंडित भगवानलाल इंद्रजी, आणि त्यांच्या सोबत ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर लिहिणारे कॅम्पबेल साहेब. भगवानलालांविषयी दोन शब्द सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. जन्म १८३९, जुनागडचे. इंग्रजी शाळेचे शिक्षण नाही. गिरनारच्या खडकावरील अक्षरे लहानपणापासून डोळ्यांसमोर, ती लागावी म्हणून वर्णमालेचा तक्ता मिळवून स्वतःच वाचावयास शिकले. मुंबईत डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी त्यांना बोलावून घेतले. ज्यांचे नाव भायखळ्याच्या राणीबागेतील संग्रहालयाला आहे तेच हे भाऊ दाजी. पुढे हॉलंडमधील लायडनच्या विद्यापीठाने भगवानलालांना सन्मानाची डॉक्टर पदवी दिली. आमच्यासारख्या सातवी-आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला हे चरित्र किती धीर देते, हे येथे वेगळे सांगावयास नको.

उंचवट्याच्या पोटात विटांची लहान खोली निघाली, तिच्यात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती पितळी धातूच्या आठ लहान मूर्ती. सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि स्फटिकाच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंड्यात काय असेल? मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून श्रद्धेने ठेवलेल्या. सोबत सोन्याची फुले आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे एक रुप्याचे नाणे. मूर्ती पुष्कळ नंतरच्या, आठव्या-नवव्या शतकातील. म्हणजे स्तूप एकदा बांधून विसरला गेला नाही, मागाहूनही कोणी तो उघडून त्यात भर घातली. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत, म्हणजे आपल्या टाऊन हॉलात आहेत. सोन्याच्या करंड्यात खापऱ्या ठेवणाऱ्या माणसांची मोजमापे आपल्या बाजारापेक्षा निराळी होती एवढे खरे.

त्याच वर्षी भगवानलालांना भातेला तळ्याजवळ काळ्या दगडाचा एक फुटका तुकडा सापडला. त्यावर सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग आहे. तो आज काळाघोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. पुढे १९५६ साली भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. हा नववा लेख गिरनारसारख्या ठिकाणी पुरा वाचावयास मिळतो. लग्न, बारसे, प्रवास, आजारपण अशा वेळी लोक नाना प्रकारची मंगले करतात, त्यांचे फळ थोडे, असे राजा त्यात म्हणतो. आणि मग खरे मंगल कोणते ते सांगतो. त्यातील पहिलीच गोष्ट, दास आणि भृतक यांच्याशी नीट वागणे. भृतक म्हणजे भृतीवर, मजुरीवर राबणारा माणूस. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात आपल्या या किनाऱ्यावर जे राजाचे लेख दगडावर कोरले गेले, त्यांत मजुरीच्या माणसाचे नाव आहे. आता राजाने सांगितले म्हणून तसे वागणूक झाली असेल असे आम्ही मानीत नाही. कायदा भिंतीवर लागतो आणि हजेरीपट कपाटात राहतो, हे आम्ही रोज पाहतो. पण सांगावे लागले, याचाच अर्थ हा की, सोपाऱ्यात रोजावर काम करणारी माणसे पुष्कळ होती आणि त्यांची तक्रारही होती.

असणारच. बंदर म्हटले की हमाल आले, नावाडी आले, गाडीवान आले. आजचा नकाशा डोळ्यांसमोरून काढून टाका. रेल्वे नाही, इमारती नाहीत. उत्तरेला वैतरणेचे मुख, दक्षिणेला वसईची खाडी, आणि त्यांच्यामध्ये जमिनीच्या पोटात शिरलेले खाडीचे पाणी. वादळात गलबतांना आडोसा मिळे आणि भरतीबरोबर ती आत येत. येथून कल्याणवरून नाणेघाट, घाट चढून जुन्नर, पुढे पैठण आणि तेर अशी वाट. इसवी सनाच्या पहिल्या शतकात मिसरदेशाच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची टिपणवही लिहिली. त्याचे नाव आज कोणाला माहीत नाही, पण वही उरली. तिच्यात सोपाऱ्याचे नाव 'सुप्पारा' म्हणून, कल्याणचे 'कल्लिएना' म्हणून आहे. तेरचे साधे आणि तलम कापड गाड्यांत घालून भडोचला जाते, असेही तो लिहितो. परदेशांतून इकडे दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे येई. इकडून हस्तिदंत, गोमेद-अकीक, पिंपळी, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुती कापड. गिरणगावात बसून हे वाचताना आम्हांला हसू आले. कापड विणावयाचे मराठी मुलखाच्या हातांनी, आणि भाव ठरावयाचा दूर कोठे तरी. ही रीत किती जुनी!

त्याच वहीत आणखी एक मजकूर आहे. पूर्वी कल्याण ही राजमान्य पेठ होती. पण क्षत्रपांचे आणि सातवाहनांचे वैर पेटल्यावर कल्याणला चुकून आलेल्या ग्रीक गलबतांवर पहारा बसवून ती भडोचला नेत. म्हणजे बंदराचे नशीब वाऱ्यावर जितके, तितकेच दोन दरबारांच्या भांडणावर. बंदराचा धंदा असा तोडला गेला की घाटातल्या गाडीवानाची चूल किती दिवस थंड राहिली, ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

लिहून ठेवले नाही म्हणावे, तर बौद्ध कथांत कामकऱ्यांच्या खुणा सापडतात. 'सुप्पारक' नावाच्या एका नाखव्याची जातककथा आहे. नाव सोपाऱ्याचे, कथा भडोच बंदराची. गलबतावर जन्म काढला आणि खाऱ्या पाण्याने दोन्ही डोळे गेले. दर्या सोडून तो राजाकडे नोकरीला राहिला. हाताने चाचपून हत्तीची खोड सांगे, घोड्याची सांगे, रथाचे लाकूड कसले ते सांगे. आणि इतके मोठे नुकसान टाळल्याबद्दल राजा दर वेळी आठ कार्षापण हातावर ठेवी. शेवटी कंटाळून त्याने नोकरी सोडली. पुढे व्यापाऱ्यांनी या आंधळ्यालाच आर्जवाने गलबतावर नेले आणि त्याने सातशे माणसे सुखरूप परत आणली. कामाने डोळे जावे, भरपाई मिळू नये, आणि कसब मात्र सर्वांना हवे असावे, अशी माणसे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. कापसाच्या धुळीने छाती गेलेले आपले वडील-काका हेच ना?

पण आज जी कथा सांगण्यासाठी आम्ही आलो, ती पूर्णाची. ती 'दिव्यावदान' नावाच्या ग्रंथात आहे आणि ती खास शूर्पारक नगरीची आहे. तेथे भव नावाचा श्रीमंत व्यापारी होता. तो आजारी पडला, तेव्हा बायको आणि तीन मुलगे यांनी त्याला टाकले. शुश्रूषा केली घरच्या एका दासीने. बरा झाल्यावर तिच्या पोटी त्याला मुलगा झाला, तो पूर्ण. बापानंतर भावांनी वाटणी केली; दासीपुत्राला काय मिळणार? पण पोरगा हुशार. बाजारात एक माणूस सरपणाची मोळी घेऊन चालला होता, त्यात मौल्यवान चंदनाचे लाकूड आहे हे पूर्णाने ओळखले आणि तेथून त्याचे दैव फिरले.

आता ऐका. शूर्पारकाच्या व्यापाऱ्यांचा संघ होता. संघाने ठराव केला की, परदेशी गलबताचा माल कोणी एकट्याने घ्यावयाचा नाही, सर्वांनी मिळून घ्यावयाचा. एके दिवशी पाचशे सागरी व्यापारी बंदराला लागले. पूर्ण एकटाच गेला, अठरा लाखांचा माल ठरविला आणि तीन लाख सोने विसार देऊन त्यावर आपला शिक्का उठविला. मागाहून संघ पोचला, तो माल विकला गेलेला! संघ खवळला. साठ कार्षापण दंड ठोठावून पूर्णाला उन्हात उभे केले. प्रकरण राजापर्यंत गेले. राजापुढे पूर्णाने एवढेच विचारले, महाराज, हा ठराव करताना यांनी मला किंवा माझ्या भावाला बोलावले होते काय? राजाने संघाला विचारले. संघाने कबूल केले, बोलावले नव्हते. राजा म्हणाला, मग पूर्णाचे म्हणणे बरोबर आहे. पुढे राजालाच त्यातला काही माल हवा झाला, तेव्हा संघाला पूर्णाच्या दारी जाऊन दुप्पट भावाने खरेदी करावी लागली.

या कथेवर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. युनियनचा माणूस या नात्याने आमचे मन प्रथम संघाच्या बाजूला जाते. एकट्याने सौदा करावयाचा नाही, सर्वांनी मिळून करावयाचा, हा तर आमचा पाया. प्रत्येकाने वेगळी बोली लावली की वरचढ पक्ष एकेकाला खेळवितो. तेव्हा संघाचा ठराव वाईट नव्हता. आणि तरीही राजाने न्याय दिला तो योग्य दिला असेच आम्हांला वाटते.

का वाटते, ते सांगितले पाहिजे. सांगताना जड जाते, तरी सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमच्या युनियनने करार केला. पगारवाढ चांगली मिळाली, पेढे वाटले, गुलाल उडाला. कारखान्यात कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगार जास्त होते. करारापूर्वीच्या सभेला त्यांना आम्ही बोलावले नव्हते. आमचा हिशेब असा की, आधी कायमवाल्यांचे पदरात पाडू, मग यांचे बघू. करारात एक कलम होते, त्याने जादा पाळी कंत्राटी कामगारांच्या माथी आली. त्यांनी ती करण्यास नकार दिला. आम्ही फाटकावर उभे राहून त्यांना शिस्त शिकवू लागलो, युनियनचा ठराव मोडता म्हणून दटावू लागलो. तेव्हा मागच्या रांगेतून पंचविशीचा एक मुलगा म्हणाला, "ठराव केला तेव्हा आम्हांला बोलावलं होतं का?" आम्ही त्याला खाली बसविले. उन्हात उभे केले नाही, एवढेच. वर्षभरात ती सगळी पोरे युनियनबाहेर गेली. पुढे मालकाने कायम कामगारांना हात घातला, तेव्हा फाटकावर आमच्या मदतीला कोणी आले नाही. पूर्णाची कथा आम्ही त्यानंतर वाचली. वाचताना त्या मुलाचा चेहरा दिसत होता.

हा प्रश्न दुसऱ्यांनाही विचारता येतो. १९९१ च्या विकास नियमावलीत कलम ५८ आले: गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, एक महापालिकेला, एक गृहनिर्माण मंडळाला, एक मालकाला. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरली. जेथे शेड उभ्या होत्या ती जमीन वाटणीतून सुटली. ही दुरुस्ती लिहिताना मसाल्याच्या रांगेतल्या त्या मावशींना कोणी बोलावले होते? दुसऱ्यांना हे विचारणे सोपे आहे. आम्ही ते खूप वर्षे विचारीत आलो. स्वतःला विचारण्यास उशीर केला.

असो. कथा कथाच आहेत असे कोणी म्हणेल. म्हणून दगडावरच्या नोंदींकडे वळू. नाणेघाट चढताना पाण्याची टाकी लागतात. त्यांपैकी एकीवर लेख आहे की, ही पोढी, म्हणजे टाके, सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिली. हा गृहस्थ कोण होता, किती श्रीमंत होता, याचा एक शब्द नाही. पण घाटाची चढण किती जीवघेणी आहे हे त्याला माहीत असले पाहिजे. आमच्या मते तो स्वतः मालाबरोबर गेलेला माणूस असावा. कार्ल्याच्या लेण्यात एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धर्मकथा सांगणाऱ्या भिक्षूने दिला आहे. कान्हेरीला सोपाऱ्याच्या मणिकाराचे दान आहे.

सर्वांत मोठा लेख मात्र नाशिकच्या पांडवलेण्यात. क्षत्रप नहपान राजाचा जावई उषवदात याचा. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारे येथे प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधल्या. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी अशा पाण्यांवर नावा ठेवून लोकांना फुकट उतार दिला आणि दोन्ही तीरांवर बसावयाची व पाणी प्यावयाची सोय केली. बंदराच्या मुलखात रोज पलीकडे जाणाऱ्या माणसाला तरीचा पैसा वाचणे म्हणजे काय, ते पासाचे पैसे जोडून विरारची गाडी पकडणाऱ्याला कळेल.

याच उषवदाताचा आणखी एक लेख तेथे आहे आणि तो तर गिरणगावाने पाठ करून ठेवावा असा आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी आणि किरकोळ खर्चासाठी त्याने तीन हजार कार्षापण कायमचे ठेवले. कोठे ठेवले? राजाचा जावई, राजाच्या खजिन्यात ठेवता आले असते. सावकाराकडे ठेवता आले असते. त्याने ते ठेवले नाशिकजवळच्या गोवर्धनातील कोलिकांच्या निकायांत. कोलिक म्हणजे विणकर, निकाय म्हणजे संघ. दोन हजार एका विणकर संघाकडे, दरमहा दरशेकडा एक या व्याजाने; एक हजार दुसऱ्या विणकर संघाकडे, दरमहा पाऊण टक्का दराने. मुद्दल परत घ्यावयाचे नाही, फक्त व्याज खावयाचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज होते दोनशे चाळीस. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा. आम्ही कागदावर हिशेब करून पाहिला, पै चुकत नाही. हे सर्व निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, वाचून दाखविले आणि फलकावर नोंदले.

जरा विचार करा. राजघराण्यातला माणूस कायमची ठेव हातमागावाल्यांच्या संघाकडे ठेवतो. म्हणजे हा संघ आपल्यामागेही राहील, पिढ्यान्‌पिढ्या राहील आणि व्याज बुडविणार नाही, अशी त्याची खात्री होती. पुढे आभीर राजाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधांसाठी अशाच ठेवी ठेवल्या. त्या कुंभारांच्या, पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या आणि तेल्यांच्या संघांत. आमच्या पतपेढ्यांच्या कारभाऱ्यांनी हा लेख फ्रेम करून गल्ल्यावर लावावा. आम्ही हे विनोदाने म्हणत नाही. संप हरल्यानंतर किती पतपेढ्या हिशेब न देता मिटल्या, हे येथे बसलेल्या वडील माणसांना माहीत आहे.

मग ही पेठ गेली कशी? एका दिवसात गेली नाही. सहाव्या-सातव्या शतकांनंतर आपल्याला तिची नावे अरब प्रवाशांच्या लिखाणात 'सुबारा', 'सुफारा' अशी भेटतात. शिलाहारांच्या राज्यात ती बरीच नांदती होती. बाराव्या शतकात अपरादित्य राजाने तेजकंठ नावाच्या पंडिताला शूर्पारकाहून थेट काश्मीरला विद्वानांच्या सभेत पाठविले, असे काश्मिरी कवी मंख याने नमूद केले आहे. त्याआधीचा, शके १०१६ चा, म्हणजे १०९४ सालचा अनंतदेव राजाचा एक ताम्रपट आहे. त्यात ठाणे, नागाव, सोपारे आणि चौल या बंदरांत येणाऱ्या काही गलबतांना जकात माफ केली आहे. कोणाच्या गलबतांना? राजाचा महामात्य भाभण श्रेष्ठी आणि त्याचा भाऊ धणाम श्रेष्ठी यांच्या. दोघेही दरबारी अधिकारी आणि दोघेही व्यापारी! ज्याने जकात वसूल करावयाची त्याचीच गलबते माफ. मग जकातीचा भार कोणावर पडला असेल, हे सांगावयास इतिहासाचार्य नको.

पण सोपारे जकातीने बुडाले असे म्हणणे खोटे होईल. खाडी गाळाने भरत गेली, मोठी गलबते आत येईनात, आणि व्यापार ठाण्याला, चौलला, पुढे वसईला सरकला. चौदाव्या शतकात जॉर्डानस नावाचा ख्रिस्ती साधू येथे होता. १३२१ मध्ये ठाण्याला मारल्या गेलेल्या आपल्या सोबत्यांना त्याने सोपाऱ्यात पुरले. १५३४ मध्ये पोर्तुगीजांना वसई मिळाली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली. सोपारे तोवर वाड्यांचे, केळींचे, पानवेलींचे गाव झाले होते. बंदर गेले, पण माणसे राहिली. पहाटेच्या गाडीने फुले आणि भाजी घेऊन दादरला उतरणाऱ्या त्यांच्या लेकीबाळी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत.

आता पाण्याचा प्रश्न, कबूल केल्याप्रमाणे. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याच्या रुळांवर इतके पाणी साचले की गाड्या बंद पडल्या आणि प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी बचावपथके आणावी लागली. आमचे कार्यकर्ते दोन दिवस पाण्यात लोकांना दूध आणि मेणबत्त्या पोचवीत होते. तेथली मंडळी म्हणत होती, हे पाणी कोठून आले? ज्याला जुनी पेठ माहीत आहे त्याला आश्चर्य वाटणार नाही. तेथे पाणी नवीन आलेले नाही, भराव नवीन आला आहे. खाडी, मिठागरे आणि पाणथळ जमीन यांवर इमारती उठल्या. ज्या पाण्याने ते बंदर केले, त्याला वाट ठेवलीच नाही. आणि या इमारतींत कोण राहते? लालबागहून गेलेले आपलेच लोक. २००९ मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. तिच्या सभांतून पाण्याच्या वाटेचा हिशेब मागावयाचा असेल, तर तो आपल्याच भाऊबंदांनी तेथे उठून मागावा लागेल. आणि मागताना शेजारच्या जुन्या गावकऱ्यांनाही सोबत बोलवावे लागेल. भरती कोठवर येते हे त्यांच्या आज्या-पणज्यांपासून त्यांना ठाऊक आहे.

चालकांनी घड्याळ दाखविले आहे. शेवटी एक निवेदन करतो. येत्या रविवारी आम्ही काही मंडळी बुरूड राजाचा कोट पाहण्यास जात आहोत. सकाळी सातला दादरच्या पश्चिम रेल्वेच्या पुलाखाली जमावयाचे, विरारची धीमी गाडी धरावयाची म्हणजे म्हाताऱ्यांना बसावयास मिळेल. नालासोपाऱ्याला पश्चिमेस उतरून चक्रेश्वर तळे पाहू आणि मग कोट. नाळ्याकडचे एक वृद्ध शेतकरी जुन्या खाडीचा काठ कोठून कोठे जात असे ते पायी चालून दाखविणार आहेत. दुपारच्या भाकरीची सोय तिकडे राहणाऱ्या आपल्या जुन्या शेजाऱ्यांनी पत्करली आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी दारातल्या टेबलावर नावे द्यावीत. पिण्याचे पाणी मात्र ज्याचे त्याने घ्यावे.